पायाखालचा पाय : नॅमचे दोन डबे आणि एक गणपती

लोकहो, आधीच क्लिअर करतो, हा दुकानात मिळणाऱ्या पेडलचा रिव्ह्यू नाहीये. हा न्यूरल अँप मॉडेलरचा, म्हणजे गिटारच्या अँपची (अँप्लिफायरची) नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू आहे, थोडक्यात एनएएम, आम्ही गिटारवाले त्याला नॅमच म्हणतो, आणि तोही लॅपटॉपवरच्या नॅमचा नाही, डब्यात बसवून पायाखाली ठेवलेल्या नॅमचा. लॅपटॉपवर ते भारी वाजतं हे आता सगळ्यांना माहितीये, त्यावर मी अजून काय लिहिणार. प्रश्न हा आहे की तेच भारी वाजणारं प्रकरण स्टेजवर, धुळीत, जनरेटरच्या लाइटवर, घामाच्या पायाने दाबून चालतं का. वर्षभर दोन वेगवेगळे डबे वापरले, त्याचं सांगतो.

माझी ओळख म्हणजे दिवसा ऑफिस आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात लीड गिटार. सोसायट्यांचे गणपती, लग्नाचे संगीत, कॉलेजचं गॅदरिंग, जे मिळेल ते. एकाच कार्यक्रमात भावगीताला स्वच्छ टोन लागतो, पुढच्या गाण्याला नव्वदीच्या हिंदी पिच्चरसारखं थोडं चिरकणारं डिस्टॉर्शन लागतं आणि शेवटी नाचाच्या राउंडला कोणी ऐकतच नसतं, काहीही चालतं. पूर्वी ट्यूब अँप न्यायचो, रिक्षावाला आधी अँपकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, आणि वीसेक किलोचं ते धूड तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना कंबरेने राजीनामा दिला. मग लॅपटॉप नेला, त्यावर एका लहान मुलाने कोल्ड्रिंक सांडायचं तेवढं बाकी राहिलं. म्हणून डबा.

नॅम काय आहे ते माहिती नसलेल्यांसाठी पटकन: स्टीव्हन अॅटकिन्सन नावाच्या माणसाने बनवलेलं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. एक ठरावीक तीनेक मिनिटांची ऑडिओ फाइल अँपमधून वाजवायची, जे बाहेर येतं ते रेकॉर्ड करायचं, आणि आत काय गेलं, बाहेर काय आलं या दोन फायली कॉम्प्युटरला देऊन म्हणायचं, बाबा रे शीक. गुगल कोलॅबवर, म्हणजे गुगलच्या ऑनलाइन कॉम्प्युटरवर, फुकटात शिकवता येतं. शिकून झालं की एक छोटी फाइल मिळते, तीच तुमचा अँप. आतलं सर्किट कसं आहे, ट्यूब कुठली आहे, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. आत जे नेटवर्क आहे ते वेव्हनेट घराण्यातलं, जे डीपमाइंडने २०१६ मध्ये माणसाचा आवाज बनवायला काढलं होतं आणि २०१९ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या लोकांनी ट्यूब अँपवर लावून दाखवलं.

मित्राचा जुना ट्यूब अँप माझ्या फ्लॅटवर आणून आम्ही स्वतः कॅप्चर केला. त्या टेस्ट फाइलमध्ये नुसती गिटार नसते, सुरुवातीला टिक टिक, मग शिटी खालून वर चढत जाते, मग नुसतं फुसफुस, आणि अँप चांगला तापवायचा म्हणून आवाज मोठा. दुसऱ्याच मिनिटाला खालचे काका दारात. "अरे, मिक्सर जळाला का तुमचा?" मी म्हणलं नाही हो काका, अँपचा फोटो काढतोय. काकांनी माझ्याकडे बघितलं, अँपकडे बघितलं, आणि "बरं, आटपा लवकर" म्हणून गेले. तो टेक वाया गेला, कारण त्यात बेल पण रेकॉर्ड झाली होती.

पण फोटो हाच शब्द बरोबर आहे. गेन सहावर, ट्रेबल पाचवर असताना कॅप्चर केलं की तो अँप कायमचा सहावर आणि पाचवर. नंतर डब्यावरचा गेनचा नॉब फिरवलात तर तुम्ही अँपचा गेन फिरवत नाही, अँपच्या आत जाणारा सिग्नल कमी-जास्त करताय. एखाद्या नॉबसकट शिकवलेली मॉडेलं पण असतात, पण त्याला प्रत्येक पोझिशनला वेगळं रेकॉर्डिंग लागतं, एवढा पेशन्स माझ्यात आणि काकांमध्ये नाही. रिव्हर्ब (आवाज घुमणं), डिले (प्रतिध्वनी) वगैरे पण यात येत नाही, स्टँडर्ड मॉडेलला मागचं साधारण ८५ मिलिसेकंदच आठवतं, त्याच्या आधी काय वाजलं ते त्याच्या लेखी वाजलंच नाही.

आवाजाबद्दल मात्र तक्रार शून्य. मित्र स्वतःच्या अँपचा आवाज पंधरा वर्ष ऐकतोय, त्याला पाठमोरं बसवलं आणि एकदा अँप एकदा लॅपटॉप असं वाजवलं तर त्याने दोनदा चुकीचं सांगितलं आणि तिसऱ्यांदा चहा मागितला. आणि खरी परीक्षा डिस्टॉर्शनची नसतेच, गिटारचा व्हॉल्यूम नॉब दहावरून चारवर आणल्यावर आवाज नुसता बारीक होतो की साफ होत जातो, ही परीक्षा. जुने डिजिटल पेडल इथे मार खायचे. नॅम साफ होतं. हळू स्ट्रोक मारला तर नम्र, जोरात मारला तर कुरकुरीत, तेही एकाच सेटिंगवर.

आता हे डब्यात घालायचं म्हणजे काय भानगड आहे ते बघा, कारण बाकीचा सगळा रिव्ह्यू याच आकड्यांवर उभा आहे.

नॅमच्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये वीस लेयर आहेत, दहा जरा रुंद आणि दहा अरुंद, आणि सगळे मिळून, शिकून ठरलेले साधारण १३,८०० आकडे. गिटारच्या आवाजाचे सेकंदाला ४८,००० तुकडे पडतात आणि ढोबळमानाने प्रत्येक तुकड्यासाठी हे सगळे आकडे एकदा गुणून-मिळवून काढायचे. गुणाकार करा, सेकंदाला ६६ कोटींच्या वर जातो. शिवाय प्रत्येक तुकड्याला २४० वेळा टॅनएच नावाचं फंक्शन काढायचं, ते साध्या गुणाकारापेक्षा कितीतरी महाग, सेकंदाला सव्वा कोटीच्या जरा खाली. लॅपटॉपला हे म्हणजे चणे-फुटाणे. पण डेझी सीड घ्या, जो बोर्ड जगभरचे पेडल बनवणारे हौशी लोक वापरतात. त्यात कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसर आहे ४८० मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्याचं घड्याळ सेकंदाला ४८ कोटी ठोके देतं. ४८ कोटीला ४८ हजाराने भागा, एका तुकड्यासाठी हातात येतात बरोबर १०,००० ठोके, म्हणजे सायकल. पंगतीत दहा हजार पानं आणि जेवायला तेरा हजार आठशे माणसं, शिवाय त्यातल्या २४० जणांना पुरणपोळीच पाहिजे. कितीही चांगला वाढपी आणा, जमणार नाही. हे डेझीचं अपयश नाही, गणित आहे.

रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, त्यामध्ये कॉर्टेक्स-ए७२ आहे दीड गिगाहर्ट्झचा, म्हणजे तुकड्यामागे एकतीस हजार सायकल, आणि वर त्याला एका वेळी चार-चार गुणाकार करता येतात, असे चार कोअर. इथे पंगत आरामात बसते. म्हणून डबे दोन झाले, एक पायचा आणि एक डेझीचा.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, सरासरी इथे कामाची नाही. आवाज ६४-६४ तुकड्यांच्या गठ्ठ्यात येतो, म्हणजे १.३३ मिलिसेकंदाला एक गठ्ठा, आणि प्रत्येक गठ्ठा त्याच्या वेळेतच संपला पाहिजे. नऊशे नव्याण्णव गठ्ठे अर्ध्या वेळेत केले आणि एक उशिरा झाला की स्पीकरमधून "टक्". प्रेक्षकांना नऊशे नव्याण्णव ऐकू येत नाहीत, टक् ऐकू येतो.

पहिला डबा, पाय ४. त्यावर रॉबिन डेव्हिस यांचं पायपेडल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, हे पण फुकट. डब्याला स्क्रीन लागत नाही, तो स्वतःचा वायफाय सोडतो, फोन जोडायचा आणि ब्राउझरमध्ये सगळे पेडल दिसतात, बोटाने ओढून लावायचे. हे इतकं सोयीचं आहे की रियाझाला आमचा कीबोर्डवाला पलीकडे बसून गुपचूप माझा डिले वाढवत होता आणि मी केबल तपासत होतो. आवाज आत-बाहेर करायला दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेस, साउंड बदलायला यूएसबी मिडी फूटस्विच, आणि सगळं पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून आणलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्यात. सगळं धरून साधारण चौदा हजार गेले, त्यात इंटरफेस सेकंडहँड.

स्टँडर्ड मॉडेल यावर लोणी. त्याच्यापुढे कॅबिनेटचा आयआर (अँपच्या स्पीकरच्या खोक्याचा आवाज उतरवलेली फाइल), त्याच्यापुढे डिले, रिव्हर्ब, सगळं एकदम. प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारं सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा मात्र, नाहीतर काम नसताना तो घड्याळ हळू करतो आणि तुम्ही एकदम जोरात कॉर्ड मारली की जागा होईपर्यंत टक्. ६४ चे तीन बफर ठेवले तर नुसत्या बफरचा उशीर ४ मिलिसेकंद, म्हणजे अँपपासून चार-साडेचार फूट लांब उभं राहिल्यासारखं, वर यूएसबीचा थोडा अजून. फास्ट अल्टरनेट पिकिंग करणाऱ्यांना कळेल म्हणतात, मला नाही कळलं. आणि सँपल रेट, म्हणजे सेकंदाला किती तुकडे, ४८ हजारावरच ठेवा, मॉडेलं साधारण ४८ हजारावर शिकवलेली असतात, इंटरफेस ४४.१ हजारावर राहिला आणि मधे कोणी रूपांतर करत नसेल तर टोन सरकतो आणि तुम्ही उगाच पिकअपला शिव्या घालता.

पहिली चूक माझीच. डब्याला भोकं ठेवली नाहीत, कारण पाणी-धूळ जायला नको. जूनमधल्या रिहर्सलला पाऊण तास छान चाललं, मग टक्, मग टक् टक्, मग पॉपकॉर्न. ड्रमर म्हणाला तुझी केबल गेली. केबल बदलली. गिटार बदलली. शेवटी फोनवरून तापमान बघितलं तर ८२. पाय ८० डिग्रीच्या आसपास स्वतःला वाचवायला घड्याळ हळू करतो, आणि घड्याळ हळू झालं की तेच वरचं पंगतीचं गणित, पानं कमी झाली. नंतर बाजूने भोकं पाडली, हीटसिंक डब्याच्या पत्र्याला टेकवला, म्हणजे अख्खा डबाच हीटसिंक झाला. आता साठीच्या आत असतो. हात लावला तर कोमट, मांजर बसेल असा.

दुसरी गोष्ट इनपुट लेव्हल, आणि यावर मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. मॉडेल एका ठरावीक लेव्हलच्या सिग्नलवर शिकलेलं असतं. इंटरफेसचा गेन नॉब जरा जास्त झाला की साफ टोन खरखरीत, जरा कमी झाला की रॉक टोन मिळमिळीत, आणि लोक म्हणतात हे मॉडेलच फालतू आहे. मी दोन दिवस बसून कानाने जुळवलं आणि त्या जागेवर बायकोच्या नेलपॉलिशने लाल टिंब दिलं. आणि गिटार इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावा, लाइन इनपुटला लावलीत तर वरचा सगळा चकाकणारा भाग गिळला जातो, गोधडी टाकल्यासारखा आवाज येतो.

आता गणपती. सोसायटीचा कार्यक्रम, सहावा दिवस, मध्यंतरानंतरचं दुसरं गाणं, मुखडा झाला आणि माझा सोलो सुरू होणार, लाइट गेली. जनरेटर होता, आठ-दहा सेकंदात आला. मिक्सर आला, कीबोर्ड आला, बासवाला तर चालूच, गायिका ताईंनी हसून "पुन्हा घेऊया" म्हणलं, टाळ्या. आणि माझ्या पायाखालचा पाय लिनक्स बूट करत होता. चाळीसेक सेकंद. ऐकायला कमी वाटतं, स्टेजवर उभं राहून मोजा. मी गिटार ट्यून करायची अॅक्टिंग केली, ती पण आवाज न येता, तारांकडे गंभीरपणे बघत. साउंडवाले दादा तिकडून हाताने विचारतायत, काय झालं? काय सांगणार, दादा, माझी गिटार चालू होतेय. सोलो कीबोर्डवाल्याने वाजवला आणि पुढचे तीन कार्यक्रम तो विषय काढत होता.

अशी लाइट दोन-चारदा गेली की मेमरी कार्ड करप्ट व्हायची पण भीती, त्यावर उपाय म्हणजे सगळं सेटिंग झालं की कार्ड फक्त-वाचायच्या मोडमध्ये टाकायचं, रास्पबेरीच्याच सेटिंगमध्ये ओव्हरले म्हणून ऑप्शन आहे. ते केलं. पण चाळीस सेकंदाचं काय? आणि ९ व्होल्टच्या पेडल सप्लायवर हा चालत नाही, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा स्वतःचा अॅडॉप्टर पाहिजे. मी एका दुकानातून घाईत घेतलेल्या, वर ३ अँपिअर छापलेल्या अॅडॉप्टरवर जोर आला की व्होल्टेज पडायचं आणि पुन्हा तेच, घड्याळ हळू, टक् टक्. महिनाभर मी सॉफ्टवेअरला दोष देत होतो.

मग दुसरा डबा. डेझी सीड, त्याला पेडलसारखे सहा नॉब आणि दोन फूटस्विच देणारी टेरेरियम नावाची सर्किट पाटी, नेहमीच्या ओव्हरड्राइव्ह पेडलएवढा डबा, ९ व्होल्ट. पार्सल, ड्युटी, नॉब, सगळं धरून आठ हजारांच्या आसपास. यात गिटारएमएल हा ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या कीथ ब्लूमरचं न्यूरलसीड हे सॉफ्टवेअर टाकलं. हे नॅम नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, भाऊबंद आहे. आत वेव्हनेट नाही, छोटं जीआरयू आहे, म्हणजे दुसऱ्या जातीचं न्यूरल नेटवर्क. दहा हिडन युनिटचं जीआरयू धरलं तर सगळे मिळून चारशेच्या आसपास आकडे भरतात, कुठे १३,८०० आणि कुठे चारशे. दहा हजार पानांच्या पंगतीत चारशे माणसं, वर डिले-रिव्हर्बला पण जागा उरते. एक फरक आहे, जीआरयू आधीच्या तुकड्याचं उत्तर घेतल्याशिवाय पुढचा सुरू करत नाही, साखळी आहे, त्यामुळे मोठ्या प्रोसेसरवर गठ्ठाच्या गठ्ठा एकदम उरकायची जी सोय वेव्हनेटला मिळते ती याला नाही. पण डेझीवर तसंही सगळं एकेकच होतं, बिघडत नाही.

स्विच दाबला की चालू. म्हणजे अक्षरशः लाइट आली की आवाज आला. गठ्ठा ४८ चा, म्हणजे १ मिलिसेकंद, बोटाला चिकटल्यासारखं वाटतं. तापत नाही. अपडेट मागत नाही. वायफाय नाही त्यामुळे कीबोर्डवाल्याला काही करता येत नाही, हा फायदा मी वेगळा धरतो.

आवाज? क्रंच टोनला (हलकं डिस्टॉर्शन) फार जवळ. साफ टोनला मला तरी फरक नाही. हाय-गेनला (भरपूर डिस्टॉर्शन) कळतो, एकटं बसून हेडफोनवर ऐकलं तर नोट मरताना शेपटीला वाळू लागल्यासारखी खरखर येते, आणि पाम म्यूटचा, म्हणजे तळहात तारांना टेकवून वाजवल्यावरचा, जो "धुब्" आतून येतो तो जरा पोकळ होतो. रिहर्सलला दोन्ही डबे पडद्यामागे ठेवून बँडला विचारलं. ड्रम-बास चालू असताना कोणीही सांगू शकलं नाही. बासवाल्याने पाचपैकी पाच वेळा "दुसरा चांगला" म्हणलं, तेव्हा लक्षात आलं तो पुढच्या गाण्याच्या कॉर्ड बघत होता.

याचा त्रास वेगळाच आहे. मॉडेल बदलायचं म्हणजे लॅपटॉप, कोडमध्ये आकडे घालायचे, कंपाइल करायचं, केबल लावून टाकायचं. फोनवरून बोटाने ओढायची ऐश नाही. चिपच्या पोटातली फ्लॅश १२८ केबी आहे, मोजूनमापून भरावं लागतं. कॅबिनेटचा आयआर हवा असेल तर तो पण पंगतीत बसतो. २०४८ तुकड्यांचा आयआर सरळ पद्धतीने केला तर तुकड्यामागे २०४८ गुणाकार, म्हणजे दहा हजारातला पाचवा हिस्सा तिथेच गेला. मी आखूड आयआर घातला, पहिले वीसेक मिलिसेकंद. गिटारच्या कॅबला तेवढं पुरतं, नंतर उरतो तो खोलीचा आवाज, आणि खोली कार्यक्रमात हॉल स्वतःची देतोच.

मधला रस्ता पण आहे आणि तो मला फार उशिरा कळला. नॅममध्येच स्टँडर्डच्या खाली लाइट, फेदर आणि नॅनो अशा साइज आहेत. आकडे अंदाजे ६,५००, ३,०००, आणि नॅनोचे जेमतेम ८४०. आठवण तिघांची तेवढीच, ८५ मिलिसेकंद, फक्त रुंदी कमी. पुन्हा अँप आणायची, काकांना पुन्हा त्रास द्यायची गरज नाही, तेच जुनं रेकॉर्डिंग घ्यायचं, शिकवताना साइज बदलायची, बस. आणि दुसऱ्याची तयार स्टँडर्ड फाइल असेल, अँप तुमच्याकडे नसेल, तरी टेस्ट फाइल त्या मॉडेलमधूनच वाजवून जे बाहेर येईल त्यावर छोटं मॉडेल शिकवता येतं. मोठ्या भावाची वही बघून धाकटा अभ्यास करतो तसं. फेदर मला सगळ्यात जास्त आवडलं, साफ आणि क्रंचला मी स्टँडर्डवर परत गेलोच नाही. पायवर फेदर टाकलं की प्रोसेसर इतका मोकळा राहतो की दोन अँप एकदम चालू ठेवून पायाने मधे उडी मारता येते, लोड व्हायची वाट नाही, टक् नाही.

बाकी वेग वाढवायच्या युक्त्या ज्यांना कोडमध्ये हात घालायचाय त्यांना सांगतो, बाकीच्यांनी हा पॅरा सोडा. टॅनएच खरा काढू नका, जवळपास येणारं साधं भागाकाराचं सूत्र वापरा, कानाला कळत नाही आणि वेळ मात्र चांगलाच वाचतो. मॅट्रिक्सची साइज कंपाइल करतानाच ठरवून टाका, मग कंपायलर सगळे लूप उलगडून ठेवतो. कंपायलरला प्रोसेसरचं नाव सांगा, नाहीतर तो सगळ्यांना चालेल असं बेतास बात कोड देतो. आणि मेमरी बघा. स्टँडर्ड मॉडेलचे आकडे ५५ केबी, पण त्याला मागचं आठवायला लागतं त्या वह्यांचे जवळजवळ २०० केबी अजून. डेझीवर ६४ एमबी बाहेरची रॅम आहे म्हणून लोक सगळं तिकडे टाकतात आणि मग म्हणतात हळू का. स्वयंपाकघरात मीठ लागलं की दर वेळी खाली वाण्याकडे जायचं असा तो प्रकार होतो. जे सारखं लागतं ते चिपच्या आतल्या रॅममध्येच ठेवा.

तयार पेडल घ्यावं का असं दोघा-तिघांनी विचारलं. घ्या की, सोल्डरिंगचा वास सगळ्यांना आवडतोच असं नाही. डार्कग्लासच्या अॅनाग्रामसारखे नॅमची फाइल घेणारे डबे आता मिळतात. फक्त "नॅम सपोर्ट" एवढं वाचून पैसे देऊ नका. काही डबे तुमची फाइल जशीच्या तशी चालवतात, काही तिच्यावरून स्वतःचं छोटं मॉडेल बनवून ते चालवतात. दुसऱ्यात वाईट काही नाही, मी पण तेच केलं, पण मग मोठ्या हौसेने उतरवलेल्या स्टँडर्ड फायलीचा आवाज तुम्हाला मिळणार नाहीये हे माहिती असू द्या. विचारायचं ते हे, कुठल्या साइजचं मॉडेल चालतं, आयआर आणि रिव्हर्ब चालू असताना पण चालतं का, साउंड बदलताना मधे गॅप पडतो का, आणि लाइट जाऊन आली की किती सेकंदात उठतो. शेवटचा प्रश्न दुकानदाराला विचारला तर तो वेड्यासारखा बघतो, बघू दे, प्लग काढून लावून बघा.

सध्या बोर्डवर दोन्ही आहेत. डेझी आधी, पाय नंतर, आणि एक साधा लूप स्विच जो पायला बाजूला करून सरळ डेझी साउंडवाल्या दादांकडे पाठवतो. घरी, रेकॉर्डिंगला, छोट्या मैफिलीला पाय आणि स्टँडर्ड. गणपती-नवरात्रात डेझी, पाय फक्त डिले-रिव्हर्बला. तारे द्यायचे तर नॅमला पाचपैकी पाच, डेझीच्या डब्याला चार, पायच्या डब्याला साडेतीन, आणि त्यातला अर्धा भोकं पाडल्यानंतरचा. परवा बुधवार पेठेतून पायसाठी छोटी बॅटरी-बॅकअपची पाटी आणलीये, जनरेटर येईपर्यंतची दहा सेकंद काढायला तेवढी पुरेल असं वाटतंय, पण डब्यात जागा उरलेली नाही, फूटस्विचच्या खाली तिरकी बसवावी लागणार आहे आणि ड्रिल शेजाऱ्याकडे आहे.